मालकांची वही: एका उमेदवाराची संपत्ती आणि नळाचं पाणी

सोलापूर महापालिकेच्या फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत एका उमेदवाराचे कागदपत्र आणि खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता. त्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. प्रभाग, पक्ष आणि जागा सांगत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे 'मालक' म्हणते, कारण सगळे त्यांना तसंच म्हणायचे. माझ्याबद्दल एवढंच सांगते की माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, हातात कात्री, पुढ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं हे बघतच मी वाढले, आणि पुढे एका कर सल्लागाराकडे नोकरीला लागले. त्यामुळे या प्रकरणात मालकाचे आकडेही मला कळत होते आणि ते आकडे ऐकून समोरच्या बायकांच्या मनात काय येत असेल तेही कळत होतं.

पार्श्वभूमी

त्या वर्षी १०२ नगरसेवक निवडायचे होते आणि प्रभाग होते २६. त्यातले २४ चार जागांचे आणि दोन तीन जागांचे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे एका प्रभागात सरासरी ३६ हजार माणसं. प्रचाराला मिळतात जेमतेम दोन आठवडे. एवढ्या दिवसांत एवढ्या उंबऱ्यांवर जाणं कुणालाच जमत नाही, गरीब उमेदवाराला नाही आणि श्रीमंतालाही नाही. त्यात एका मतदाराने चार मतं द्यायची. गटार तुंबलं तर चौघांतल्या नेमक्या कुणाला धरायचं, हा प्रश्न लोक मतदानाआधीच विचारत होते.

मालक पूर्व भागातले. वडील गिरणीत मागावर होते, नंतर घरातच दोन माग टाकले. मुलानं त्याचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना केला. घर मात्र आता होटगी रोडच्या बाजूला, बंगला. बंगल्याला बोअर, आणि उन्हाळ्यात लागला तर टँकर. ज्या प्रभागात उभं राहायचं होतं तिथे त्यांचं जुनं घर होतं, चुलतभाऊ होते, कामगार होते. राहत ते नव्हते.

या भागातल्या मतदाराला पुढारी पारखायला शिकवावं लागत नाही. आडम मास्तर विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या चळवळीतून पुढे येऊन तीनदा आमदार झाले. तिकडे सांगोल्यात गणपतराव देशमुख, लोकांचे 'आबा', विधानसभेवर अकरा वेळा निवडून आले आणि एसटीनं प्रवास करत राहिले. अशी माणसं डोळ्यांसमोर असलेल्या लोकांपुढे एक कारखानदार मतं मागायला निघाला होता. आणि वेळ कुठली, तर नोटाबंदीला जेमतेम तीन महिने झालेले. ८ नोव्हेंबरनंतर पूर्व भागातले कितीतरी माग थंडावले होते, आणि जिथे चालू होते तिथे हप्त्याचा पगार द्यायला नव्या नोटा नव्हत्या. मालकांनी पहिल्या हप्त्याला कामगारांना जुन्या पाचशेच्या नोटा दिल्या. घ्यायच्या तर घ्या, नाहीतर थांबा. बहुतेकांनी घेतल्या आणि एक दिवसाची मजुरी बुडवून बँकेच्या रांगेत उभे राहिले. मालकांच्या लेखी तो विषय तिथेच संपला होता.

शपथपत्राची रात्र

अर्ज आणि शपथपत्र संगणकावर भरायचं, छापायचं आणि सही करून द्यायचं होतं. उमेदवारानं स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज आणि असतील तर गुन्हे जाहीर करायचे, ही पद्धत देशभर रुजली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ च्या निकालामुळे. पुढे १३ मार्च २००३ च्या निकालानं ती पक्की झाली. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: मतदाराला उमेदवाराची माहिती मिळाली पाहिजे, तो त्याचा हक्क आहे.

आम्ही रात्री दहाला बसलो. मला वाटलं होतं, मालक संपत्ती कमी दाखवायला सांगतील. कारखान्याची जागा, बंगला, बायकोच्या नावचा प्लॉट, तिचं सोनं, ठेवी, गाडी, सगळं त्यांनी न कुरकुरता सांगितलं. बेरीज आठ अंकी झाली. ते अडले कर्जाच्या रकान्यापाशी. माग गहाण होते, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठी उचलायच्या कर्जाची मर्यादा, जवळजवळ संपलेली होती आणि सुताच्या दोन व्यापाऱ्यांची मोठी बाकी होती.

"ताई, हे नको. सुताच्या बाजारात माझी पत जाईल. उद्या उधारीवर कोण सूत देणार मला?"

खोट्या शपथपत्राला शिक्षा आहे हे मी सांगितलं. ते त्यांनाही ठाऊक होतं. दीड वाजेपर्यंत आम्ही त्या एका रकान्यावर बसलो होतो. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आतून येऊन विचारलं, "बाकी खरी आहे ना? मग लिहा." लिहिलं. चौथ्या दिवशी एका सूत व्यापाऱ्यानं फोन करून बाकी मागितली. मालकांनी प्रचार सोडून अर्धा दिवस बँकेत घालवला.

हे मुद्दाम सविस्तर सांगते आहे. शपथपत्राविषयी आपण बोलतो ते नेहमी लपवलेल्या संपत्तीबद्दल. लघुउद्योजकाला मात्र कर्ज उघड होण्याची भीती जास्त असते, आणि त्या भीतीपोटीही माणूस खोटं लिहू शकतो.

अडचण

पाचव्या दिवशी शपथपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागला. फोटो मालमत्तेच्या पानाचा होता. कर्जाचं पान त्यात नव्हतं. त्या पानावर 'हातातील रोख रक्कम' अशी ओळ असते. रक्कम फार नव्हती, पण कुणीतरी तिच्याभोवती लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, "आम्हाला जुन्या नोटा, मालकाकडं नव्या."

त्याच संध्याकाळी एका बोळाच्या तोंडाशी कोपरा सभा होती. पन्नास-साठ माणसं, त्यातल्या निम्म्या बायका, काहीजणी सूप घेऊनच ओट्यावर बसलेल्या. मालकांनी फोटोचा खुलासा सुरू केला. आईच्या वयाच्या एका बाईनं हातातली विडी पुरी केली, बाजूला ठेवली आणि म्हणाली,

"पैशाचं राहू द्या की ओ मालक. आमच्या बोळात पाणी कवा आलतं, ते सांगा."

मालक गप्प. मग म्हणाले, "उद्या टँकर पाठवतो."

ते वाक्य निघालं आणि मला घाम फुटला. आचारसंहिता चालू असताना उमेदवारानं टँकर पाठवणं म्हणजे आमिष. तक्रार झाली असती. पण त्याहून वाईट होतं ते समोरच्या चेहऱ्यांवर. कुणी रागावलं नाही, कुणी ओरडलं नाही. बायकांनी पुन्हा सुपात मान घातली, एवढंच. माझ्या लहानपणी एखादा साहेब विचारपूस करून गेला की आई अशीच मान खाली घालायची.

सोलापूरला पाणी उजनीच्या पाइपलाइनमधून, टाकळीहून आणि हिप्परग्याच्या तलावातून येतं, आणि तेव्हा ते तीन-चार दिवसांआड येत होतं. दिवस चुकला की आठवड्याचं गणित चुकतं. रात्री दोनला आलं तर बाई दोनला उठते, सकाळी डोळ्यांवर झापड येते, विड्या कमी वळल्या जातात, आणि घाईत वळलेल्या कारखान्यात छाटात निघतात, म्हणजे नाकारल्या जातात. पाण्याची वेळ ठाऊक नसणं म्हणजे मजुरी ठाऊक नसणं. ज्याच्या घरी बोअर आहे त्याला हे सुचणारच नाही, आणि ते त्या बाईला नेमकं माहीत होतं.

समोरचे पर्याय

रात्री कारखान्याच्या ऑफिसात बैठक झाली. चार मतं पुढे आली.

पहिलं मत कार्यकर्त्यांचं: साधेपणा दाखवा. "आबा एसटीनं फिरतात, तुम्ही निदान रिक्षानं फिरा. एखाद्या विडी कामगाराच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खा, फोटो काढू." मी याला कडाडून विरोध केला. आबांचं एसटीनं फिरणं हे त्यांचं रोजचं जगणं होतं. पंधरा दिवसांची रिक्षा म्हणजे वेषांतर, आणि ज्या कामगारांनी वीस वर्षं मालकांची गाडी गेटातून आत येताना पाहिली आहे त्यांना ते पहिल्या दिवशीच कळलं असतं.

दुसरं मत चुलतभावाचं: उलट पैसाच पुढे करा. ज्याचं पोट भरलेलं आहे तो महापालिकेत खायला जात नाही. हा युक्तिवाद आपल्याकडे खूप चालतो आणि मध्यमवर्गीय वस्तीत लोक मानाही डोलावतात. पण मालकाचं पोट किती भरतं हे कामगाराला विचारा. मजुरी वाढवून मागितली की त्याच मालकाला धंदा कसा परवडत नाही, हे त्यानं ऐकलेलं असतं.

तिसरं: गप्प बसायचं, पॅनेलमधले बाकीचे तिघे बोलतील. हे सोपं होतं आणि पॅनेलला तेच हवं होतं.

चौथं मत माझं आणि वहिनींचं. त्याच बोळात परत जायचं, कर्जासकट सगळं शपथपत्र वाचून दाखवायचं, जुन्या नोटांबद्दल चुकलं म्हणायचं, आणि पाणी कधी येतं हे मला माहीत नाही हे कबूल करायचं. मग ते माहीत करून घ्यायचं, स्वतः जाऊन.

मालकांनी चौथं निवडलं, पण अर्धवट. नोटांबद्दल माफी मागायला ते तयार नव्हते. "सगळ्याच कारखानदारांनी तेच केलं. मी एकट्यानं चूक म्हटलं तर बाकीचे काय म्हणतील?" मी फार ताणलं नाही.

काय केलं

दुसऱ्या दिवशी मालक त्याच ओट्यासमोर उभे राहिले आणि शपथपत्राची दोन्ही पानं वाचली. कर्जाचा आकडा ऐकल्यावर एक यंत्रमाग कामगार पटकन म्हणाला, "म्हणजे माग बँकेचे आणि नाव तुमचं." लोक हसले, मालकही हसले. त्या एका क्षणानं जेवढं काम केलं तेवढं आमच्या सगळ्या पत्रकांनी केलं नाही.

मग वही सुरू झाली. शंभर पानी, कारखान्यात सुताची आवक लिहायला वापरतात तसली. रोज जिथे पाणी यायचं असेल तिथे मालक त्या वेळी जायचे, रात्री असो की पहाटे, बरोबर फक्त मी किंवा वहिनी. चावीवाल्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला, विचारून वेळ लिहायची, मग बोळाच्या सुरुवातीच्या नळाला पाणी किती वाजता आलं, शेवटच्या नळाला किती वाजता, आणि गेलं कधी. फोटो काढायचा नाही हा नियम वहिनींचा. पहिले दोन दिवस लोकांना ते नाटक वाटलं. तिसऱ्या रात्री साडेतीनला एका म्हाताऱ्या आजींनी मालकांच्या हातात घागर दिली आणि म्हणाल्या, "उभाच हाय तर धर."

अकरा दिवसांत वहीत पुरेसं जमलं. शेवटच्या नळाला पाणी उशिरा येतंच, पण काही बोळांत ते फारच कमी वेळ टिकत होतं. कारण शोधायला इंजिनिअर लागला नाही. वरच्या बाजूच्या घरांनी नळाच्या लाइनलाच मोटारी जोडल्या होत्या. त्यात एक घर मालकांच्या चुलतभावाचं होतं, पोट भरलेल्या माणसाचा युक्तिवाद करणाऱ्याचं.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे होता, आणि तो आम्ही चुकवला. मतदानाला पाच दिवस राहिले होते. त्या गल्लीत नात्यातली, ओळखीतली बरीच मतं होती. मालकांनी मला विचारलं, "आता बोलू की निकालानंतर?" मी म्हणाले, निकालानंतर. माझ्या तोंडचं वाक्य आहे ते, दुसऱ्या कुणाचं नाही.

शेवटच्या दोन रात्री पॅनेलमधून पाकिटांसाठी दबाव आला. मालक नाही म्हणाले आणि त्यावर टिकले. मत विकत घेणं हा भारतीय दंड संहितेनं गुन्हा ठरवला होता, पण त्यांचं कारण वेगळं होतं. "ज्यांना जुन्या नोटा दिल्या त्यांना आता नव्या कशा देऊ?" माफी त्यांना मागता आली नव्हती. या वाक्यात मला ती ऐकू आली, पण ऐकायला मी एकटीच होते.

निकाल आणि पुढे

मालक हरले. थोडक्यात हरले. मोजणीच्या टेबलावर आमच्या प्रतिनिधीनं यंत्रागणिक आकडे टिपले होते. वहीचे बोळ ज्या केंद्रांत होते तिथे मालक पॅनेलच्या बाकी तिघांपेक्षा पुढे होते. वरच्या गल्लीत, म्हणजे ज्या मतांसाठी आम्ही मोटारीबद्दल गप्प बसलो तिथे, ते मागे पडले. मोटारींचं प्रकरण तिथल्या लोकांच्या कानावर गेलंच होतं आणि पुढे कारवाई होईल ही भीती त्यांना होती. आम्ही बोललोही नाही आणि मतंही गेली. हा माझा अंदाज आहे, सिद्ध करता येणार नाही, पण त्या गल्लीत नंतर जे कानावर आलं त्यावरून मला तो बरोबर वाटतो.

खर्चाचा हिशेब तीस दिवसांच्या मुदतीत दिला. चुलतभावाची मोटार मालकांनी मार्चमध्ये काढायला लावली. भावानं वर्षभर अबोला धरला.

दर गुरुवारी संध्याकाळी मालक त्या बोळात जाऊन बसायचे. वही चालू होती, आणि तिचा गोषवारा करून त्यांनी पाणीपुरवठा विभागाला दोनदा अर्ज दिले. निवडून न आलेला माणूस येतो आहे याचं लोकांना अप्रूप होतं. १ जुलैला जीएसटी आला आणि सगळा कापडधंदा त्याच्या कागदांत बुडाला. मालकांचा एक गुरुवार चुकला, मग दोन, मग बंदच झालं. मीही त्याच कागदांत होते, त्यामुळे दोष देत नाही. पण दिवाळीत त्या बोळात गेले तेव्हा सभेत प्रश्न विचारणारी बाई म्हणाली, "हरल्यावर आला तवा वाटलं ह्यो येत ऱ्हाईल." तिला मालकांच्या आठ अंकांचं कधीच काही वाटलं नव्हतं.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं नळ कोरडा राहिला तर दार ठोठवायला नगरसेवकच नव्हता, ना श्रीमंत ना गरीब.

काय वेगळं करता आलं असतं

जुन्या नोटांबद्दल माफी पहिल्याच सभेत मागायला हवी होती. तो फोटो फिरला तो संपत्तीमुळे नव्हे. फिरवणाऱ्यानं संपत्ती नोटांच्या आठवणीला जोडली म्हणून तो टोचला. आम्ही आकड्यांचा खुलासा करत बसलो, लोकांना आठवत होती बँकेची रांग.

मोटारीचा विषय सापडल्या दिवशीच काढायला हवा होता, आणि सुरुवात भावाच्या घरापासून. तेवढ्यानं निवडणूक जिंकलो असतो असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या घरी पाण्याची वाट पाहावी लागत नाही त्याला, आपण वाट पाहणाऱ्यांच्या बाजूचे आहोत हे दाखवायची ती एकच खरी संधी होती. तिथे त्याला स्वतःचं काहीतरी गमवावं लागलं असतं. घागर धरण्यात त्याचं काही जात नव्हतं.

वही मालकांच्या एकट्याच्या हातात ठेवायला नको होती. ती पहिल्या आठवड्यातच बोळातल्या बायकांकडे द्यायला हवी होती, म्हणजे गुरुवार चुकले तरी नोंदी चुकल्या नसत्या.

शपथपत्राबद्दल माझं मत पक्कं झालं आहे: कर्जासकट, पूर्ण, आणि उमेदवारानं स्वतः लोकांपुढे वाचायचं. कायदाही पुढे सरकला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उमेदवारानं उत्पन्नाचा स्रोतही सांगावा असं म्हटलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं असंही सांगितलं की उमेदवारानं घरातली प्रत्येक जंगम वस्तू जाहीर केलीच पाहिजे असं नाही, फार मोठ्या किमतीची किंवा मतदाराच्या निर्णयाला महत्त्वाची असेल तरच. दोन्ही निकाल मला पटतात. पण त्या बाईनं जे विचारलं त्याला कुठल्याच नमुन्यात रकाना नाही.

म्हणून आता कुणी अर्ज भरायला आलं की शपथपत्राआधी मी एक साधा कागद पुढे ठेवते. घरी पाणी कुठून येतं? तुमच्या प्रभागात शेवटचं कधी आलं? घरचं कुणी आजारी पडलं तर सिव्हिलला जाता की खासगीत? मुलं, नातवंडं कुठल्या शाळेत आहेत? रेशनच्या दुकानात शेवटचं कधी गेलात? उत्तरं कुठे द्यायची नसतात, कागद उमेदवाराकडेच राहतो. बहुतेकजण दुसऱ्या प्रश्नाशी थांबतात आणि घरी फोन लावतात.